चुन्याची निवळी

"मोनिका मॅडम, हे पण लिहायचं का?" पहिल्या बाकावरच्या धनश्रीनं विचारलं आणि लगेच जीभ चावली. वर्गात खसखस पिकली. वैजयंता फळ्यावर 'रासायनिक बदल' लिहीत होती. तिचा खडू क्षणभर जागीच थांबला. मग "लिही," एवढंच म्हणून तिनं शब्द पूर्ण केला, खाली रेघ मारली आणि तास संपेपर्यंत मागं वळून धनश्रीकडं पाहिलं नाही. तसं त्यात काही नव्हतं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत पोरांनी तिला काय काय म्हटलं होतं. राहात्याला असताना एक पोर भर वर्गात तिला चुकून "आई" म्हणालं होतं. सगळे हसले होते, तीही हसली होती, आणि तो आठवडाभर तिला उगीचच बरं वाटत राहिलं होतं. पोरांची जीभ अशीच घसरते. तोंडात जे नाव सतत असतं त्यावर जाऊन पडते. पण हे लक्षात आल्यावर तिला छातीच्या खाली, बरगड्या संपतात तिथं, काहीतरी आंबट सरकल्यासारखं झालं. म्हणजे पोरांच्या तोंडात ते नाव सतत आहे. माझ्या वर्गात, माझ्या तासाला.

मोनिका आव्हाड जूनमध्ये शाळेत आली होती. पाथर्डीकडची, सत्तावीस वर्षांची, काटकुळी, जरा घोगऱ्या आवाजाची. दिसायला चारचौघींसारखी. वैजयंतानं हे मुद्दाम पाहून घेतलं होतं. सातवी अ मोनिकाकडं आणि सातवी ब वैजयंताकडं, त्यामुळं दोघी एकच धडा एकाच आठवड्यात शिकवायच्या. वैजयंता व्याख्या सांगायची, दोन-दोन उदाहरणं द्यायची, फरकाचा तक्ता काढून द्यायची. बर्फ वितळतो तो भौतिक बदल, कागद जळतो तो रासायनिक. परीक्षेत तेच येतं. मोनिका वर्गात पापड घेऊन गेली. एक कच्चा मोडला, एक मेणबत्तीवर भाजला आणि पोरांना म्हणाली, भांडा आता, कुठल्या पापडात काय झालं. ती पोरं खरोखर भांडली. दोन वर्गांच्या मधली भिंत पातळ होती. "मॅडम, चव बदलली म्हणजे पदार्थच बदलला!" असं कुणीतरी किंचाळलेलं वैजयंताला तक्ता काढता काढता ऐकू आलं, आणि तिच्या वर्गातली चाळीस डोकी एकदम त्या भिंतीकडं वळली. तिला वाटलं, ओरडावं. ओरडली नाही. तक्त्याच्या उरलेल्या ओळी तिनं जास्त ठसठशीत अक्षरात लिहिल्या.

ती नेहमीच अशी नव्हती, हे सांगायचं तरी कुणाला? कोल्हारला पहिल्या नोकरीत ती सातवीच्या पोरांना घेऊन प्रवरेच्या काठाकाठानं गुऱ्हाळावर गेली होती. मोठ्या कढईत रस उकळत होता, वर मळी येत होती, गूळ करणारा गुळव्या ती झाऱ्यानं काढत होता, आणि वैजयंता धुरातून खोकत खोकत पोरांना विचारत होती, सांगा, अजून रसच आहे का? आता? आता? पोरं नाचत होती. गरम गूळ चाटून तोंड पोळलेल्या पोरांचे पालक दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन आले, तर तिला त्याचंही कौतुक वाटलं होतं. गावात तिला गुळाच्या बाई म्हणायचे. मग लग्न, बदली, सासूचं दोन वर्षांचं आजारपण, निवडणुकीची कामं, जनगणना, ऑनलाइन माहित्या भरणं. ह्यातल्या नेमक्या कुठल्या दिवशी ती पोरांना घेऊन बाहेर पडायची थांबली, ते तिला आठवत नव्हतं. तसा दिवस नसेलच. आणि आता ही कालची पोरगी पापड घेऊन येते, तेव्हा सगळे म्हणतात, काहीतरी नवीन आहे बाई! नवीन! वैजयंताला मोनिकाचा राग आला, आणि त्याहून जास्त त्या पंचवीस वर्षांच्या गुळाच्या बाईचा आला, जी कुठंतरी कोल्हारच्या रस्त्यावरच राहून गेली आणि पुढं आलीच नाही.

संध्याकाळी घरी अजिनाथ, तिचा नवरा, सोफ्यावर बसून मोबाईल बघत हसत होता. तो एमआयडीसीतल्या कंपनीत सुपरवायझर होता. घरी आल्यावर फारसा बोलायचा नाही. "तुमच्या शाळेच्या ग्रुपवरचा व्हिडिओ हाय बघ," तो म्हणाला, "शेजारच्या वैद्यांनी पाठवला. त्यांचा नातू हाय ना सातवीत. ही बाई लई भारी शिकवते गं." पडद्यावर मोनिका होती. बाटलीच्या तोंडाला फुगा लावून ती बाजूला उभी होती. बाटलीत खाण्याचा सोडा आणि लिंबू, फुगा आपोआप फुगत होता आणि पोरं तो फुटेल म्हणून कान झाकत होती. अजिनाथनं व्हिडिओ संपल्यावर पुन्हा लावला. तो पुढं झुकून, तोंड किंचित उघडं ठेवून बघत होता. लहान मुलासारखा. वैजयंता चहाचा कप हातात घेऊन त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. असा चेहरा त्यानं तिच्यासमोर शेवटचा कधी केला होता? तिनं त्याला कधी शाळेतलं काही सांगितलं होतं का, हा प्रश्नही मागोमाग आला, पण तो तिनं आत येऊ दिला नाही. "सोडा आणि लिंबू," ती म्हणाली, "त्यात काय एवढं?" "त्यात काय न्हाईच," अजिनाथ म्हणाला, "पण मला आज कळलं."

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुख्याध्यापक गुंड सरांनी तिला बोलावलं. तालुक्यातल्या विज्ञान शिक्षकांची बैठक यंदा त्यांच्या शाळेत होती. बैठकीत एक नमुना पाठ व्हायचा, आणि गेली अकरा वर्षं, शाळा कुठलीही असो, नमुना पाठाला तिचं, निमसे बाईंचं, नाव सुचवलं जायचं. "मॅडम, यंदा मोनिका मॅडमना देऊ म्हणतो," गुंड सर कागद सारखे करत म्हणाले. "नव्यांना पण संधी पाहिजे. तुम्ही मार्गदर्शन करा. आणि पाठ तुमच्या सातवी ब वर घेऊ द्या. अ ची पोरं त्यांची सवयीची आहेत, म्हणजे तो खरा पाठ होणार नाही." वैजयंता म्हणाली, "उत्तम कल्पना आहे सर." हे तिनं इतकं चटकन आणि इतकं गोड म्हटलं की बाहेर आल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली. माझा पाठ, माझा वर्ग. आणि मार्गदर्शन करा.

प्रयोगशाळेची किल्ली तिच्याकडं असायची. बैठकीच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मोनिका तिथं आली. हातात यादी होती. "मॅडम, मेणबत्त्या, काचेच्या नळ्या मी काढल्यात. चुन्याची निवळी आहे ना? नाहीतर मी आज करून ठेवते." चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकर घातली की उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडनं ती दुधाळ होते. पोरांना हमखास आवडणारा प्रयोग. वैजयंताच्या कपाटात शनिवारीच केलेली ताजी निवळी होती, घट्ट बुचाची बाटली. आणि खालच्या फळीवर दुसरी होती, दिवाळीच्या आधीपासूनची. तिचं बूच सैल होऊन हवा आत जात राहिली होती आणि वर पांढरी साय धरली होती. तिच्यातला चुना कधीच साका होऊन बसला होता. राहिलं होतं ते जवळजवळ साधं पाणी. हे वैजयंताला बाटलीकडं न बघताही माहीत होतं. "आहे ना," ती म्हणाली, "तुम्ही कशाला करता? मी गाळून देते." मोनिकाचे खांदे एकदम सैल पडले. "बरं झालं. मला उद्याचं फार टेन्शन आलंय मॅडम. तुम्ही आहात म्हणून." ती गेली. वैजयंतानं खालची बाटली उचलली, गाळणकागद दुमडून नरसाळ्यात बसवला आणि ओतायला लागली. साय कागदावर राहिली. खाली थेंब थेंब स्वच्छ, नितळ पाणी पडत होतं. खिडकीतून सावेडीच्या रस्त्यावरचे रिक्षांचे हॉर्न येत होते. ती कसलाही विचार करत नव्हती. नंतर तिनं स्वतःला पुष्कळदा विचारलं, तेव्हा तुझ्या मनात काय होतं? आणि प्रत्येक वेळी तिला आठवली ती फक्त हातांची सफाई. एक थेंबही बाहेर सांडला नव्हता. तिनं बाटलीवर नवी चिठ्ठी चिकटवली, तिच्या सुंदर अक्षरात.

दुसऱ्या दिवशी सभागृहात तीसेक शिक्षक भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसले होते आणि मध्ये तिचा वर्ग. मोनिका सुरुवातीला अडखळली, मग रंगली. मेण वितळवलं, थिजवलं, वात जाळली. जे मेण जळून गेलं ते परत आणून दाखवा, म्हणाली, आणि पोरं टेबलाखाली शोधायला लागली. मागच्या खुर्चीवरून वैजयंता बघत होती. हात वर होत होते. तिच्या वर्गातले, तिच्या तासाला बाकाखाली असणारे हात. मग मोनिकानं निवळीची बाटली उचलली आणि विचारलं, "फुंकर घालायला कोण येतं?" सगळ्यांत मागून निकिता बडेचा हात वर आला. निकिता! ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली पोर. आईबाप दिवाळीनंतर राहात्याच्या पुढं फडावर जायचे आणि ती केडगावला मावशीकडं राहायची. जूनपासून वैजयंतानं तिचा आवाज हजेरीपुरता ऐकला होता. त्या हाताकडं बघताना वैजयंताला बाटलीचाच विसर पडला. ही पोरगी तिच्यासाठी हात वर करते. अर्ध्या तासाच्या ओळखीवर. माझ्यासाठी कधी नाही.

निकिता पुढं आली, नळी तोंडात धरली आणि फुंकायला लागली. बुडबुडे आले. सगळे बघत होते. "येईल, येईल, अजून फुंक," मोनिका म्हणाली. निकिता फुंकत राहिली. तिचे गाल दुखायला लागले असावेत, मानेची शीर दिसत होती, डोळ्यांत पाणी आलं. बाटलीतली निवळी नितळच राहिली. मोनिकानं बाटलीची चिठ्ठी वाचली, मग मागं वैजयंताकडं पाहिलं. त्या नजरेत संशय नव्हता, मदत मागणं होतं. वैजयंतानं मान खाली घातली. आणि तेवढ्यात मधल्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "हिच्या श्वासातच काय नसंल!" वर्ग हसला. भिंतीकडेचे शिक्षकही हसले, सहज, वाईट मनानं नव्हे. निकितानं नळी खाली ठेवली. ती रडली नाही. फ्रॉकला तोंड पुसलं आणि जागेवर जाऊन बसली. मोनिकानं दुसऱ्या पोराला बोलवायला हवं होतं, पण तिचा धीर गेला होता. तिनं घाईघाईनं तक्ता लावला आणि पाठ गुंडाळला. चहाच्या वेळी ती वैजयंताजवळ आली. "माझंच चुकलं मॅडम. आधी करून बघायला पाहिजे होतं. तुम्ही इतकं करून दिलं आणि मी..." वैजयंता म्हणाली, "होतं असं." तिला वाटलं होतं की आता आत थंड वाटेल. तसं काहीच वाटलं नाही. बिस्किट तिनं अर्धंच खाऊन बशीत परत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी निकिता आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी हजेरी घेताना वैजयंतानं विचारलं तेव्हा धनश्री म्हणाली, "तिला पोरं चिडवत्यात मॅडम, बिनश्वासाची म्हणून. आता ती येनार न्हाई. रविवारी तिचे पप्पा न्यायला येनार हायेत, फडावर." वैजयंतानं हजेरी पूर्ण केली. पुढचे दोन तास तिनं घेतले, पण काय शिकवलं ते तिला सांगता आलं नसतं. तेरा वर्षांची पोर एकदा फडावर गेली की काय होतं, हे राहात्याला आठ वर्षं काढलेल्या बाईला कुणी सांगायची गरज नव्हती. आधी स्वयंपाक, मग मोळ्या बांधणं, मग कुणीतरी स्थळ आणतं. तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि केडगावची बस पकडली.

निकिताची मावशी केशरबाई पत्र्याच्या खोलीच्या दारात तंबाखू मळत बसली होती. वैजयंतानं नाव सांगितल्यावर ती गडबडीनं उठली. "आवो बाई, बसा की. ए निके, तुझ्या बाई आल्यात!" आतून कुणी आलं नाही. "चार दिस झालं, बोलंना की जेवंना," केशरबाई म्हणाली. "म्हनती, माझ्या अंगात काय तरी कमी हाय. मी म्हनलं, दवाखान्यात दाखवू का? तर न्हाई म्हनती. बापाला फोन लावला तिनंच." वैजयंता आत गेली. निकिता भिंतीला टेकून, गुडघे जवळ घेऊन बसली होती. वैजयंताचं लक्ष केशरबाईच्या हातातल्या चुन्याच्या डबीकडं गेलं. "मावशी, थोडा चुना द्या. आणि एका पेल्यात पाणी."

तिनं चुना पाण्यात कालवला. पाणी पांढरं गढूळ झालं. आता हे निवळायला वेळ लागणार होता. पेला मध्ये ठेवून तिघी बसल्या. दुपार होती, पत्रा तापून तडतडत होता, मागं कुठंतरी पिठाची गिरणी चालू होती. पंधरा मिनिटं गेली. साका हळूहळू खाली बसत होता आणि वरून एक बोटभर पाणी स्वच्छ व्हायला लागलं होतं. त्या पाण्याकडंच बघत वैजयंता म्हणाली, "निकिता, तुझ्या श्वासात सगळं आहे. त्या दिवशीची बाटली खराब होती." इथं थांबता आलं असतं. एवढ्यावर भागलं असतं. "ती मी दिली होती," वैजयंता म्हणाली. "मला माहीत होतं ती खराब आहे."

निकितानं पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं. "मंग का दिली?"

"मोनिका मॅडमचा पाठ बिघडावा म्हणून."

"का पन?"

सव्वीस वर्षं पोरांना प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत उभी राहिलेली बाई एका पोरीसमोर मान खाली घालून बसली होती. "सगळे त्यांचंच नाव घेतात," शेवटी ती म्हणाली. "मला सहन होईना." केशरबाई तंबाखू मळायची थांबली होती. निकितानं गुडघे सोडून मांडी घातली. मग ती म्हणाली, "आमच्या गावाकडं पन हाय असं. धाकटीला नवा फ्रॉक घेतला, तर मी तिच्या फ्रॉकवर शाई सांडली हुती." आणि थोड्या वेळानं, "पन मी आईला सांगितलं हुतं. तुमी सांगितलं का मोनिका मॅडमला?" "नाही." "मंग?"

पेल्यातलं वरचं पाणी नितळ झालं होतं. वैजयंतानं ते धुतलेल्या फडक्यातून दुसऱ्या पेल्यात गाळलं, बॉलपेनची रिकामी नळी दिली आणि म्हणाली, "ओढायचं नाही. फुंकायचं." निकितानं नळी घेतली, पण तोंडाला लावेना. "आधी तुमी," ती म्हणाली. वैजयंतानं नळी घेऊन वाटीतल्या थोड्या पाण्यात फुंकलं आणि ती परत दिली. वाटीतलं पाणी पांढुरकं झालं. मग निकितानं डोळे मिटून फुंकलं. केशरबाई ओरडली, "आगं बघ, बघ, ताक झालं!" निकितानं डोळे उघडले. ती हसली नाही. पेला उजेडात धरून, फिरवून फिरवून बघत राहिली.

रविवारी बाप आला, मावशीशी भांडला आणि एकटाच परत गेला, हे वैजयंताला नंतर कळलं. मोनिकाला मात्र तिनं शनिवारीच सांगितलं, प्रयोगशाळेत, उभ्याउभ्या. मोनिका ऐकत असताना नळीच्या स्टँडवरचा स्क्रू फिरवत होती. सांगून झालं तरी ती फिरवत राहिली. "मी राजीनामा लिहिला होता मॅडम," ती म्हणाली. "पर्समध्ये आहे. मला वाटलं, आपल्याला हे जमायचं नाही." वैजयंतानं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. "नको," मोनिका म्हणाली. "आता लगेच काही बोलू नका. मला तुमच्याशी नीट वागता येणार नाही काही दिवस. गुंड सरांना तुम्ही सांगा, मी सांगणार नाही." वैजयंतानं तेही सांगितलं. गुंड सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. प्रयोगशाळेची किल्ली त्यांनी मोनिकाकडं दिली. आपल्या वर्गासमोर वैजयंता एवढंच म्हणाली की निवळी खराब होती आणि ती चूक माझी, निकिताची नाही. ह्या सगळ्यानं आत काही हलकं वगैरे झालं नाही. मोनिका व्हरांड्यातून पोरांच्या गराड्यात जाताना दिसली की तिला अजूनही छातीखाली तेच आंबट सरकलेलं जाणवायचं. फरक इतकाच की आता ती त्याला ओळखत होती. आलंस? ये, बस, असं मनात म्हणायची.

निकिता शाळेत यायला लागली, पण हात वर करत नव्हती. जानेवारी अर्धा सरला. वैजयंता तक्त्याची उजळणी घेत होती. एका बाजूला भौतिक, दुसऱ्या बाजूला रासायनिक, पोरं उदाहरणं सांगत होती आणि ती ज्या त्या रकान्यात लिहीत होती. तेव्हा मागून एक हात वर आला. "मॅडम, तोडलेला ऊस फडात दोन दिवस पडला तर कुठं लिहायचा?" निकिता उभी राहिली. "वजन घटतं त्याचं. पप्पा म्हनत्यात, पानी उडून जातं. मंजी ते भौतिक. पन तो आंबतो पन. साखर कमी पडती, वास येतो. मंजी ते रासायनिक. एकाच उसात दोन्ही संगंच व्हतं. मंग रकाना कंचा?"

वैजयंता खडू धरून उभी राहिली. सव्वीस वर्षांत हा तक्ता तिनं किती वेळा काढला होता, आणि दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. कोल्हारच्या गुऱ्हाळावरच्या बाईनंही नाही. तिच्या अंगावर काटा आला. आणि त्याच्या पाठोपाठ, अगदी लगेच, मनात आलं की हे इथंच राहू द्यावं. ह्या वर्गात, माझ्याकडं. हे मोनिकाला कळू नये. तो विचार तिनं पाहिला, थोडा वेळ तसाच राहू दिला.

मग तिनं ती मधली रेघ पुसून टाकली. "निकिता, शेजारी अ च्या वर्गात जा. मोनिका मॅडमना सांग, निमसे बाईंनी पाठवलंय. हा प्रश्न त्यांच्या वर्गाला विचार. तू स्वतः विचार."

निकिता दारापर्यंत गेली आणि थबकली. "तुमी पन चला ना."

"नको. प्रश्न तुझा आहे."

ती गेली. वर्गात कुजबुज सुरू झाली. वैजयंता खुर्चीवर बसली. तिला दुखत होतं, नेहमीच्या जागी, नेहमीइतकंच. "मॅडम," धनश्रीनं विचारलं, "पुढचं उदाहरण सांगू?"

"थांब," वैजयंता म्हणाली. "ती येऊ दे."